त्यांना कुणी विचारलं का?

7 ऑक्टोबर 2001, रविवार. ऑस्ट्रेलियात निवडणूक जाहीर होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. इमिग्रेशन मंत्री फिलिप रडॉक यांनी त्या दिवशी पत्रकारांना सांगितलं, की ख्रिसमस बेटाच्या उत्तरेला नौदलानं अडवलेल्या एका बोटीवरच्या लोकांनी स्वतःची मुलं समुद्रात फेकली. नौदलाला आपल्याला वाचवणं भाग पडावं म्हणून. दुसऱ्या दिवशी ही बातमी देशभर झाली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड रेडिओवर म्हणाले, पोटच्या पोरांना समुद्रात फेकणारी माणसं मला या देशात नकोत.

एकही मूल फेकलं गेलं नव्हतं.

त्या बोटीवर 223 माणसं होती. बातमी छापणाऱ्या एकाही पत्रकाराचं त्यांच्यापैकी एकाशीही बोलणं झालेलं नव्हतं. होणार तरी कसं? माणसं भर समुद्रात, युद्धनौकेच्या पहाऱ्यात. पण मग बातमीत तेवढंच लिहायला हवं होतं: मंत्री असं म्हणतात, आम्ही खात्री केलेली नाही, बोटीवरच्या माणसांपर्यंत आम्हाला पोचता आलेलं नाही. ही तीन वाक्यं लिहायला धाडस लागत नाही, फक्त सवय लागते. निर्वासितांच्या बाबतीत जगभरच्या पत्रकारितेला ही सवय नाही, आणि आजचं सदर त्याबद्दलच आहे.

ऑस्ट्रेलियाचं हे प्रकरण मी मुद्दाम विस्तारानं सांगणार आहे, कारण त्याची संसदीय चौकशी झाली आणि एक खोटी बातमी कशी तयार होते याचा टप्प्याटप्प्यानं हिशेब कागदावर आला. असा हिशेब फार क्वचित हाती लागतो.

सुरुवात एका फोनपासून झाली. 'ॲडलेड' या युद्धनौकेचा कप्तान आणि डार्विनमधला एक ब्रिगेडियर सकाळी घाईघाईत बोलले. बोटीवर गोंधळ चालला होता, काही माणसं पाण्यात उड्या मारत होती, कुणीतरी एक मूल उचलून धरलं होतं. फोनवर नेमकं काय बोललं गेलं यावर त्या दोघांचं पुढंही एकमत झालं नाही. पण तो निरोप राजधानीत पोचेपर्यंत एका मुलाची अनेक मुलं झाली, आणि उचलून धरलं होतं याचं फेकलं झालं. काही तासांत मंत्री पत्रकारांसमोर होते.

मग पत्रकारांनी पुरावा मागितला. तो मागितला हे बरंच झालं. 10 ऑक्टोबरला संरक्षण मंत्री पीटर रीथ यांनी छायाचित्रं दिली. पाण्यात माणसं, पाण्यात मूल, त्यांना धरणारे नौसैनिक. ती छापली गेली, टीव्हीवर झळकली. ती 7 तारखेची नव्हतीच. 8 ऑक्टोबरला ती बोट बुडाली, तेव्हाची ती होती. नौसैनिकांनी पाण्यात उड्या घेऊन सगळ्याच्या सगळ्या 223 जणांना वाचवलं होतं, आणि त्या शौर्याची आठवण म्हणून ती छायाचित्रं काढलेली होती. त्यांच्याखाली तशा ओळीही लिहिलेल्या होत्या. त्या ओळी वृत्तपत्रांपर्यंत पोचल्या नाहीत. बुडत्या बोटीतून लेकराला घेऊन पाण्यात उतरलेले आईबाप देशाला दाखवले गेले ते लेकरू फेकणारे म्हणून.

सैन्यातल्या अधिकाऱ्यांना काही दिवसांतच कळून चुकलं होतं, की या दाव्याला आधार नाही. मतदानाच्या तीन दिवस आधी 'द ऑस्ट्रेलियन'नं ख्रिसमस बेटावरून वेगळी हकिकत छापली, त्याचं श्रेय त्या वृत्तपत्राला द्यायला हवं. त्याच दिवशी हंगामी संरक्षण दलप्रमुख अँगस ह्यूस्टन यांनी संरक्षण मंत्र्यांना फोनवर स्पष्ट सांगितलं, की मुलं फेकल्याचा पुरावा नाही. सरकारनं ते जाहीर केलं नाही. 10 नोव्हेंबरला मतदान झालं आणि हॉवर्ड पुन्हा निवडून आले. सिनेटच्या समितीचा अहवाल आला तो 2002 च्या ऑक्टोबरात: मुलं फेकली गेली नव्हती.

त्या चौकशीत आणखी एक गोष्ट उघड झाली, आणि मला ती सगळ्यात भयंकर वाटते. संरक्षण खात्याच्या जनसंपर्क विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं समितीसमोर सांगितलं, की मंत्र्यांच्या कार्यालयातून सूचना होती: या लोकांची अशी छायाचित्रं काढू नका, ज्यांत ती आपल्यासारखी माणसं वाटतील. चेहरा नको. गर्दी चालेल, बोट चालेल. पुढं ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी दोन मोठ्या दैनिकांची पहिली पानं तपासली. त्यांना जे आढळलं ते या सूचनेशी जुळणारंच होतं: निर्वासितांची छायाचित्रं मुख्यतः घोळक्यांची आणि बोटींची. मंत्र्यांच्या कार्यालयाची सूचना होती ती संरक्षण खात्याच्या छायाचित्रकारांना. वृत्तपत्रांना कुणी सूचना दिली नव्हती. त्यांनी हे आपणहून केलं.

याच निवडणुकीच्या धामधुमीत, 19 ऑक्टोबरला, इंडोनेशियाहून निघालेली आणखी एक बोट बुडाली. 353 माणसं मेली. त्यातली 146 मुलं होती. या बोटीवर बायका-मुलांची संख्या इतकी मोठी का होती? कारण त्यातल्या अनेकींचे नवरे आधीच ऑस्ट्रेलियात पोचलेले होते, ऑस्ट्रेलियानं त्यांना निर्वासित म्हणून मान्यही केलं होतं. पण 1999 पासून त्यांना जो तात्पुरता व्हिसा दिला जाई, त्यात कुटुंबाला बोलावून घ्यायची परवानगी नव्हती. कायद्याची वाट बंद, म्हणून बोटीची वाट. ही एवढी साधी कारणमीमांसा बोटीतल्या कुठल्याही बाईनं सांगितली असती. तिला विचारायला हवं होतं, एवढंच.

पाण्यात न फेकलेल्या मुलांनी ती निवडणूक गाजवली. पाण्यात खरोखर बुडालेल्या 146 मुलांमुळं ती गाजली नाही.

त्या काळात ऑस्ट्रेलियानं बोटीनं आलेल्यांना नाउरू आणि मानुस बेटांवर नेऊन ठेवायला सुरुवात केली. 2001 ते 2008 या पहिल्या फेरीत तिथं 1,637 माणसं ठेवली गेली. त्यांच्या अर्जांची छाननी झाली, तेव्हा सुमारे 70 टक्के लोकांचं पुनर्वसन करावं लागलं, त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना ऑस्ट्रेलियानंच घेतलं. म्हणजे ज्यांच्याबद्दल वर्षानुवर्षं लबाड, रांग मोडणारे, खोटारडे असं छापून आलं, त्यांतल्या बहुतेकांची हकिकत तपासणीत खरी ठरली. शंका भरपूर जागा घेऊन छापली होती. निकालाला तेवढी जागा मिळाली नाही.

नाउरूवर जाऊन विचारायचं तर? 2014 मध्ये नाउरूच्या सरकारनं पत्रकारांच्या व्हिसाची फी 200 ऑस्ट्रेलियन डॉलरवरून 8,000 केली, आणि व्हिसा नाकारला तरी पैसे परत नाहीत. ज्यांना प्रश्न विचारलेले नको असतात, ते प्रश्नांना असा कर लावतात.

ज्यांना विचारलं जात नव्हतं त्यांच्यातला एक जण मग स्वतःच बोलला. बेहरूज बूचानी हा इराणमधला कुर्द पत्रकार 2013 साली बोटीनं आला आणि मानुस बेटावर डांबला गेला. तिथं त्याला नाव नव्हतं, एमईजी 45 हा क्रमांक होता. त्यानं चोरून मिळवलेल्या मोबाइलवर फारसीत लिहिलं, व्हॉट्सॲपचे तुकडे बाहेर पाठवले, त्यातून पुस्तक झालं. जानेवारी 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातला सर्वांत मोठ्या रकमेचा साहित्य पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. तो स्वीकारायला त्याला ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवता आलं नाही, तो बेटावरच होता. बोटीतले लोक म्हणून ज्यांचा बातम्यांत ठोक उल्लेख होत राहिला, त्यांच्यात एक लेखक बसला होता, सहा वर्षं.

*

वीस-बावीस वर्षांत काही बदललं का? 14 जून 2023 ला ग्रीसच्या पिलोस गावासमोर 'अॅड्रियाना' नावाची मच्छीमार बोट बुडाली. लिबियाच्या तोब्रुकहून निघाली होती, साधारण 750 माणसं कोंबलेली. 104 वाचली. 82 मृतदेह मिळाले. बाकीचे मिळालेच नाहीत. पाकिस्तानच्या गृहमंत्र्यांनी सांगितलं, की बोटीवर निदान 350 पाकिस्तानी होते.

चार दिवसांनी टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेली 'टायटन' ही पाणबुडी बेपत्ता झाली. तिच्यात पाच जण होते. पुढचे चार दिवस जगातली सगळी चॅनलं प्राणवायू किती तास पुरेल याचा हिशेब पडद्यावर चालवत होती. त्या पाच जणांची नावं, छंद, शिक्षण आपल्याला पाठ झालं. त्यात एक पाकिस्तानी कुटुंबातले बापलेक होते. मुलगा 19 वर्षांचा. त्याच्यासाठी जीव तुटला, तुटायलाच हवा होता. पण त्याच आठवड्यात पाकिस्तानातल्या शेकडो घरांतले तरुण मुलगे भूमध्य समुद्राच्या तळाशी गेले होते. त्यांतल्या एकाचं नाव वाचकांनी आठवून पाहावं. मला येत नाही, कारण ते माझ्यापर्यंत कुणी पोचवलंच नाही.

ही तुलना त्या वेळी अनेकांनी केली, बराक ओबामांनीही अथेन्समध्ये केली. माझा रोख थोडा वेगळा आहे. पहिल्या काही दिवसांत ग्रीसची बातमी आली ती ग्रीक तटरक्षक दलाच्या निवेदनावरून: बोट व्यवस्थित चालली होती, त्यांना इटलीला जायचं होतं, मदत नको म्हणाले. वाचलेले 104 जण कालामाता बंदरातल्या एका गोदामात होते. नातेवाईक लोखंडी कठड्याच्या आडून त्यांना मिठ्या मारत होते. ती छायाचित्रं जगानं पाहिली. पण ते काय सांगत होते, हे पुढं यायला वेळ लागला. ते सांगत होते, की तटरक्षकांनी दोर बांधून ओढलं आणि बोट कलंडली. तटरक्षक दलानं हे नाकारलं. मग बीबीसीनं आसपासच्या जहाजांच्या हालचालींची नोंद तपासली आणि दाखवलं, की बुडण्याआधी निदान सात तास ही बोट जागची फारशी हललीच नव्हती. मग अधिकृत निवेदनाला तडा गेला. वाचलेल्यांपैकी नऊ इजिप्शियन माणसांवर मानवी तस्करीचा ठपका ठेवून त्यांना जवळपास वर्षभर तुरुंगात ठेवलं होतं, त्यांच्यावरचा खटला मे 2024 मध्ये न्यायालयानं अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर रद्द केला. 2025 मध्ये तटरक्षक दलाच्याच 17 जणांवर आरोप ठेवले गेले. पहिल्या दिवशी गोदामात जाऊन दुभाष्यासह बसलं असतं, तर ही दुसरी बाजू पहिल्याच दिवशी छापता आली असती.

ब्रिटनमधल्या 'द सन'बद्दल थोडक्यातच सांगतो, तिथं जास्त वेळ थांबवत नाही. 17 एप्रिल 2015 ला या दैनिकानं एका स्तंभलेखिकेचा मजकूर छापला, त्यात समुद्र ओलांडणाऱ्या माणसांना झुरळं म्हटलं होतं. एक-दोन दिवसांत भूमध्य समुद्रात एका बोटीसोबत आठशेवर माणसं बुडाली. संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार उच्चायुक्त झैद राद अल हुसेन यांनी त्या भाषेची तुलना रवांडातल्या आणि नाझी जर्मनीतल्या प्रचाराशी केली. सप्टेंबरमध्ये तुर्कस्तानच्या बोद्रुमजवळ किनाऱ्यावर लाल टी-शर्टमधलं दोन वर्षांचं मूल पालथं पडलेलं सापडलं, जग हळहळलं, आणि त्याच दैनिकानं त्याच्या नावानं मदतनिधी उघडला. त्याचं नाव आलान होतं. निधीला नाव दिलं आयलान. जगभरच्या वृत्तपत्रांनी तीच चूक केली. त्याच्या घरी फोन करून नाव कसं लिहायचं हे विचारायलाही कुणाला सवड नव्हती.

विचारणारे पत्रकार नसतात असं नाही. म्यानमारमधल्या वा लोन आणि क्याव सो ऊ या रॉयटर्सच्या दोन वार्ताहरांनी 2017 मध्ये इन दिन गावात दहा रोहिंग्या पुरुषांना मारून एकाच खड्ड्यात पुरल्याचा शोध घेतला. दोघंही म्यानमारच्याच बौद्ध समाजातले. रोहिंग्यांच्या बाजूनं देशात एक शब्द काढणं कठीण होतं त्या दिवसांत ते मारणाऱ्यांशी बोलले, आणि रॉयटर्सनं मेलेल्यांच्या नातेवाइकांशी बोलून दहाही जणांची नावं आणि धंदे नोंदवले. डिसेंबर 2017 मध्ये त्यांना अटक झाली. त्यांनी 511 दिवस तुरुंगात काढले. 2019 चं पुलित्झर त्यांच्या बातमीदारीला मिळालं. पण मला त्या पारितोषिकापेक्षा ती नावांची यादी मोठी वाटते.

इटलीतल्या पत्रकारांनीही एक चांगलं काम केलं. डिसेंबर 2006 मध्ये एर्बा गावात चार खून झाले. मेलेल्यांत एका ट्युनिशियन तरुणाची बायको आणि लहान मूल होतं. माध्यमांनी लगेच खुनी जाहीर करून टाकला: तोच ट्युनिशियन. तो तेव्हा ट्युनिशियात होता. खून शेजारच्या इटालियन नवरा-बायकोनं केल्याचं पुढं न्यायालयात ठरलं. या शरमेतून 2008 मध्ये तिथल्या पत्रकार संघटनांनी निर्वासित आणि स्थलांतरितांच्या बातम्यांसाठी स्वतःचीच आचारसंहिता लिहिली. नेमकी कायदेशीर संज्ञा वापरा, बोलणाऱ्याची ओळख उघड झाल्यानं त्याच्या जिवाला धोका असेल तर ती झाका, जाणकारांना विचारा. संहितेमुळं इटलीतली पत्रकारिता सुधारली असा दावा मी करणार नाही. पण चूक झाली हे धंद्यानं लेखी कबूल केलं. आपल्याकडं ते झालेलं नाही.

*

आता आपल्याकडं.

भारतानं 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. कोण पाहुणा, कोण घुसखोर हे सरकार प्रसंगानुसार ठरवतं. जिथं कायदा गप्प असतो, तिथं वर्तमानपत्राचा मथळा फार मोठं काम करतो. म्हणून आपल्या पत्रकारांची जबाबदारी ऑस्ट्रेलियातल्या पत्रकारांपेक्षा जास्त आहे, कमी नाही.

17 ऑगस्ट 2022 चा दिवस आठवा. सकाळी केंद्रीय मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी ट्वीट केलं, की दिल्लीतल्या रोहिंग्यांना बक्करवाला इथल्या फ्लॅटमध्ये हलवणार, तिथं सुविधा आणि पोलीस संरक्षण देणार. काही तासांत गृह मंत्रालयानं सांगितलं, असा कुठलाही आदेश नाही. त्यांना आहे तिथंच ठेवायचं, परत पाठवायचं आहे. संध्याकाळी पॅनेलं बसली. भाजपचे प्रवक्ते, आम आदमी पक्षाचे प्रवक्ते, निवृत्त अधिकारी, सुरक्षातज्ज्ञ. भांडण कशावर? फ्लॅट देण्याची कल्पना कुणाची होती यावर. मदनपूर खादरच्या पत्र्या-ताडपत्रीच्या झोपड्यांत ज्या माणसांबद्दल हे चाललं होतं, त्यांची वस्ती 2018 आणि 2021 अशी दोनदा जळालेली होती. स्टुडिओपासून तिथं जायला मोटारीनं तासभरही लागत नाही. काही वृत्तपत्रांचे आणि पोर्टलांचे वार्ताहर गेले. चर्चेच्या चौकटींत मात्र वस्तीतला एकही चेहरा मला दिसला नाही.

मे 2025 मधलं प्रकरण याहून गंभीर आहे. दिल्लीत ताब्यात घेतलेल्या सुमारे 40 रोहिंग्यांना विमानानं अंदमानला नेलं, तिथून नौदलाच्या जहाजावर चढवलं आणि म्यानमारच्या किनाऱ्याजवळ लाइफ जॅकेट देऊन समुद्रात उतरवलं, असा आरोप त्यांच्या नातेवाइकांनी केला. किनाऱ्याला लागल्यावर त्यांनी दिल्लीत फोन केले, त्यातून हे कळलं असं त्यांचं म्हणणं. 15 मेला संयुक्त राष्ट्रांकडून चिंता व्यक्त झाली. 16 मेला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींनी याला पुरावा काय, असं विचारलं आणि अंतरिम दिलासा दिला नाही. आरोप सिद्ध झालेला नाही. म्हणूनच तो तपासणं पत्रकारांचं काम होतं. पुढं बीबीसीनं तिथल्या काही जणांशी संपर्क साधला आणि त्यांचं म्हणणं जगासमोर आणलं. आपल्या वाहिन्यांपैकी किती जणांनी तो फोन लावून पाहिला? मराठी वाचकाला ही घटना कितपत कळली, हे वाचकानंच मनाशी पडताळावं.

2001 मध्ये समुद्रात मुलं फेकल्याची बातमी एका मंत्र्याच्या शब्दावर छापली गेली. 2025 मध्ये समुद्रात माणसं उतरवल्याची बातमी फोनवरून निर्वासितांनी सांगितली, तर पुरावा नाही म्हणून ती आतल्या पानावरही नीट येत नाही. पुरावा दोघांकडून मागा. मंत्र्याकडून आधी मागा, कारण त्याच्याकडं जहाज असतं, नोंदवही असते, छायाचित्रकार असतो.

इथं कुणी म्हणेल, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. आहेच. सरकारची बाजू छापू नका असं मी म्हणत नाही. सीमा, कागदपत्रं, गुन्हेगारी, वस्त्यांवरचा ताण, हे सगळे बातमीचे विषय आहेत. पण फक्त पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकावरून सुरक्षेची बातमी देता येत नाही, हे आपल्याच मुंबईनं अलीकडं पाहिलं. जून 2025 मध्ये मुंबई परिसरात मजुरीला आलेल्या पश्चिम बंगालच्या काही तरुणांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडं ढकललं गेलं. ते भारतीय असल्याचं पश्चिम बंगालच्या पोलिसांनी दाखवून दिल्यावर त्यांना परत आणावं लागलं. 'इतके बांगलादेशी पकडले' ही चौकट आपल्या शहर-पानांवर वर्षानुवर्षं येते आहे. त्यातल्या किती जणांचे कागद एखाद्या वार्ताहरानं स्वतः पाहिले? किती जणांच्या गावी फोन केला? गाव मालदा किंवा मुर्शिदाबादेतलं असेल तर तिथल्या पोलीस ठाण्यात चौकशी करायला मुंबई सोडावी लागत नाही.

*

महाराष्ट्राला निर्वासित ओळखीचे नाहीत, असं तर मुळीच नाही.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात 1943 पासून सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीनं घरातून उचलून सैबेरियाकडं नेलेली, तिथून सुटून इराणमार्गे आलेली. वळिवड्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. 1948 पर्यंत छावणी होती. ती रिकामी झाली, तिथं फाळणीत उखडलेले सिंधी आले आणि ते आजचं गांधीनगर झालं, कापडबाजाराचं. त्या छावणीतली मुलं म्हातारी होऊन कोल्हापूर बघायला आली, तेव्हा कोल्हापूरच्या वृत्तपत्रांनी त्यांच्या आठवणी नावानिशी छापल्या. ऑगस्ट 2024 मध्ये वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकावर पंतप्रधानांनी पुष्पचक्र वाहिलं, तेव्हाही आपल्याकडं ते अभिमानानं छापून आलं. हे सगळं योग्य झालं. निर्वासितांबद्दल कसं लिहावं हे मराठी पत्रकाराला उत्तम येतं, याचा हा पुरावा आहे. पोलंडच्या आजीला मुलाखतीत आपण विचारलं: घर कसं सुटलं, वाटेत कोण दगावलं, इथं आल्यावर पहिल्यांदा काय खाल्लं. हेच प्रश्न म्यानमारच्या राखाइनमधून आलेल्या रोहिंग्या आजीला विचारता येतात. ते विचारत नाही, कारण आपण आधीच ठरवलेलं आहे, की पहिलीची ती कहाणी आणि दुसरीचा तो धोका.

उल्हासनगर घ्या. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी कुटुंबांनी सुरुवात केली. गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारनंच वसवलं, आज त्यांची नातवंडं धान लावतात आणि मतदान करतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावाजवळ 1972 पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. दर हिवाळ्यात आपल्या शहरांत तिबेटी बायका स्वेटर विकायला बसतात. आपण त्यांना स्वेटरचा भाव विचारतो, आणि पुढं निघतो. पत्रकारही तेच करतात. जिल्हा दैनिकाच्या वार्ताहराला मुलचेऱ्यात किंवा गोठणगावात एक दिवस काढणं अशक्य नाही. पन्नास वर्षांपूर्वी उखडून आलेलं कुटुंब पुन्हा कसं उभं राहतं, त्यात शेजाऱ्यांनी काय दिलं आणि काय नाकारलं, जमिनीवरून आदिवासींशी काय खटके उडाले, हे सगळं तिथं जिवंत माणसं सांगू शकतात. ते आज छापलं, तर उद्या मुंबईच्या एखाद्या वस्तीबद्दल लिहिताना वाचकाकडं तुलनेला काहीतरी असेल.

आणि आकड्यांबद्दल. 2024 च्या अखेरीस जगात 12 कोटी 32 लाख माणसं बळजबरीनं घराबाहेर होती, असा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा हिशेब आहे. त्यातली निम्म्याहून जास्त माणसं आपल्याच देशात विस्थापित आहेत. देश सोडलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश शेजारच्याच देशात थांबली आहेत. एकट्या बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्यांत दहा लाखांहून जास्त रोहिंग्या राहतात. महापूर आला, लोंढे आले अशी वर्णनं करणाऱ्या श्रीमंत देशांच्या दारात यातले फार थोडे पोचतात. हे आकडे कुठल्याही वृत्तसंपादकाला बातमीच्या शेवटी घालता येतील. जागा लागते ती चार ओळींची.

संपादकांना माझं सांगणं आहे: निर्वासितांबद्दलच्या प्रत्येक बातमीत निदान एका निर्वासिताचं म्हणणं असावं. त्याला भीती वाटत असेल तर नाव बदला, चेहरा झाका, पण त्याचं म्हणणं घ्या. दुभाष्याचे पैसे कार्यालयानं द्यावेत. भेटू दिलं नाही, तर भेटू दिलं नाही असं छापा आणि कुणी दिलं नाही तेही छापा. पोलिसांची किंवा मंत्र्यांची माहिती चुकीची निघाली, तर दुरुस्ती मूळ बातमीच्याच पानावर, तेवढ्याच जागेत द्या.

आणि वाचकांना: तुमच्या घरी येणाऱ्या दैनिकात अशी बातमी आली की संपादकांना दोन ओळींचं पत्र किंवा मेल पाठवा. तुमचा वार्ताहर या माणसांपैकी कुणाशी बोलला का? बोलला नसेल, तर का नाही? उत्तर येईलच असं नाही. तरी पाठवा. एकाच बातमीवर दहा वाचकांची पत्रं आली, तर सकाळच्या बैठकीत तो विषय निघतो, आणि कुणालातरी वस्तीवर जायला सांगितलं जातं.